फुलांचं झाड मागायला लाजू नका

(महिला दिनानिमित्त खराडी येथे झालेल्या मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केल्यामुळे ते इथे छापत आहोत.)

 

मला आज 'महिला सक्षमीकरण' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. अध्यक्ष ताईंना विचारून मी विषय बदललाय. मी आज एका झाडाबद्दल बोलणार आहे. त्यात माझी एक चूक आहे, गटाचे बुडालेले नऊ हजार सहाशे रुपये आहेत, आणि यंदाच्या पावसाळ्यात तुम्ही तुमच्या दारात काय लावू शकता तेही आहे. वीस मिनिटं मिळाली आहेत, जेवणाला उशीर होऊ देणार नाही.

आज नगर रस्त्यावरून खराडीत आत वळलात, तेव्हा सोसायट्यांच्या भिंतींच्या आत गुलाबी फुलांनी भरलेली झाडं पाहिलीत का? पान जवळजवळ नाही, नुसती फुलं. खाली रस्त्यावरसुद्धा गुलाबी सडा. मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी मला विचारलं, "मॅडम, हे ते जपानचं चेरीचं झाड ना, मोबाईलमध्ये दाखवतात ते?"

नाही ताई, ते चेरी नाही. पण तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. दोन वर्षांपूर्वी मी असं कुणाला विचारलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

चोवीस काड्या

आपल्यातलाच एक गट आहे. नाव सांगत नाही, त्या बायका इथेच बसल्यात आणि गालात हसतायत. बारा जणींचा गट. बचत वेळेवर, परतफेड वेळेवर, वह्या चोख. त्या डिसेंबरात आम्ही सहलीला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो होतो. ती बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन नावाच्या बागेच्या धर्तीवर केलेली आहे. ती मूळ बाग तीनशे वर्षं जुनी. आपल्या इथली दहा एकरांची. पाणी, छोट्या टेकड्या, हिरवळ, लाकडी पूल. बायकांनी चपला हातात घेतल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या चालत राहिल्या. एक मावशी म्हणाल्या, "इथं काही पिकवत नाहीत, तरी किती निगा राखलीय बघ."

डबे खाताना मी मोबाईलवर त्या मूळ जपानी बागेचे फोटो दाखवले. वसंतात तिथं चेरी फुलते. पांढरट गुलाबी ढग उतरल्यासारखं दिसतं. मोबाईल या हातातून त्या हातात फिरला. परतताना बसमध्ये ठरलं, असं एक तरी झाड आपल्या दारात हवं.

आठच दिवसांत एका ताईंच्या मोबाईलवर जाहिरात आली. 'जपानी चेरी ब्लॉसम, कोणत्याही हवामानात येते, सहा महिन्यांत फुले.' त्यांनी मला विचारलं, "मॅडम, घ्यायची का?" मी समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी. शेतीचं मला काय कळतं? पण मी म्हटलं, "घ्या की, छान आहे."

एक रोप चारशे रुपयांना. बारा जणी, प्रत्येकी दोन रोपं, म्हणजे चोवीस. एकूण नऊ हजार सहाशे. गटातून अंतर्गत कर्ज काढलं, ठराव लिहिला, सह्या झाल्या. कागदोपत्री सगळं बरोबर होतं.

जानेवारीत रोपं आली. हातभर लांबीच्या काड्या, खाली ओल्या गोणपाटाचा गोळा. मोठ्या हौसेनं लावल्या. कुणी हळद-कुंकू वाहिलं. फेब्रुवारीत काही काड्यांना डोळे फुटले, तेव्हा तर मला चार जणींचे फोन आले. मार्चमध्ये पानं करपली. एप्रिलमध्ये बायका सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होत्या. मे संपेपर्यंत चोवीसच्या चोवीस वाळल्या. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता.

पैशांचं दुःख तर होतंच. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. एका ताईंनी झाड लावलं तेव्हा घरातून प्रश्न आला होता, "फुलं शिजवून खायची का?" त्या तेव्हा हसल्या होत्या. झाड वाळल्यावर त्यांनी ती काडी पहाटे, कुणी उठायच्या आत, चुलीत घातली. कुणी बघायला नको म्हणून. नंतर बैठकीत मी विचारलं, पुढच्या वर्षी आपण काय नवीन करूया? तर त्या म्हणाल्या, "नको बाई. आता आपण काही मागायला नको."

शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पोरांच्या फीसाठी कर्ज मागणारी बाई स्वतःच्या आनंदासाठी आयुष्यात एकदा काहीतरी मागते, आणि ते चुलीत जातं. ती चूक तिची नव्हती. चौकशी न करता 'घ्या की' म्हणणारी मी होते.

मी बैठकीत म्हटलं, माझ्या पगारातून थोडे पैसे भरते. सचिव ताईंनी वहीतून मान वर केली आणि म्हणाल्या, "तुझे पैसे घेतले तर हिशोब बिघडेल. पैसे नको, पुढच्या वेळी चौकशी कर." बारा जणींनी आठ महिने दर महिन्याला शंभर रुपये भरून ते कर्ज फेडलं. त्या महिन्याच्या इतिवृत्तात दोनच शब्द लिहिलेत, 'झाडे वाळली.' ती वही मी अजून अधूनमधून उघडून बघते.

मग मी चौकशी केली. उशिरा केली, पण केली. आज सांगतेय ते सगळं त्या चौकशीतून आलेलं आहे.

चेरी इथं का फुलत नाही?

तुम्ही शेतकरणी आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. गव्हाला थंडी लागते की नाही? थंडी कमी पडली की गहू नीट भरत नाही. चेरीचं तसंच आहे, पण कितीतरी पट जास्त.

जपानातली चेरी पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या उन्हाळ्यातच धरते. मग पानगळ होते आणि झाड झोपी जातं. त्या झोपेतून उठायला त्याला आठवड्यामागून आठवडे थंडी लागते, साधारण सात अंशांच्या आसपास किंवा त्याखाली. तेवढी थंडी अंगावर गेली की झाडाला कळतं, हिवाळा झाला, आता ऊब आली की फुलायचं. आपल्याकडे पुण्यात डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो, आपण शेकोटी करतो, पण दुपारी बारा वाजता स्वेटर काढावाच लागतो. झाड बिचारं धड झोपत नाही, धड उठत नाही. आणि मग एकदम एप्रिलचं ऊन, चाळीस अंशांच्या घरात. आम्ही तर रोपं जानेवारीत लावली, म्हणजे मुळं धरायच्या आधीच उन्हाळा डोक्यावर.

दुसरी गोष्ट. जपानात शहरोशहरी जी प्रसिद्ध चेरी दिसते ती सोमेई योशिनो नावाची जात आहे. ती बियांपासून करत नाहीत, कलमं करून वाढवतात. म्हणून सगळी झाडं एकाच वेळी फुलतात आणि आठ-दहा दिवसांत फुलं गळूनही जातात. तेव्हा कुणी तुम्हाला मोबाईलवर 'चेरी ब्लॉसमच्या बिया, पाकीट शंभर रुपये' असं दाखवलं, तर बोट आवरा.

मग भारतात चेरी फुलतच नाही का? फुलते. हिमालयात आणि मेघालयात रानचेरी आहे. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात पद्मकाष्ठ मिळतं ना, ते त्याच झाडाचं लाकूड. ते झाड मात्र वसंतात नाही, हिवाळ्याच्या तोंडाशी फुलतं. शिलाँगला २०१६ पासून नोव्हेंबरात त्याचा महोत्सव भरतो. सिक्कीमच्या टेमी चहामळ्यातही नोव्हेंबरात ही गुलाबी फुलं बघायला लोक जातात. पण ती डोंगरावरची, थंड हवेची झाडं. खराडीत किंवा केसनंदला ती मागणं म्हणजे कोकणातला हापूस काश्मीरला लावण्यासारखं.

आता एक गंमत सांगते. केकवर, बन-पावात, पानात जी लाल चेरी असते, ती बऱ्याचदा चेरी नसतेच. ते आपलं करवंद! बी काढून, साखरेच्या पाकात मुरवून, लाल रंग दिलेलं. म्हणजे इतकी वर्षं आपण करवंदं खाऊन चेरी खाल्ली म्हणत होतो. आणि मी मात्र जपानहून झाड आणायला निघाले होते.

आज्जींचा बांध

त्याच गटात एक आज्जी आहेत. फेब्रुवारीची बैठक त्यांच्या शेतात झाली होती. आमच्या काड्या तेव्हा जिवंत होत्या. बांधावर झाडांची रांग होती, पानं गळलेली, पण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी नखशिखांत भरलेल्या. मधमाश्या घोंघावत होत्या. आम्ही त्या रांगेखाली बसून मोबाईलमध्ये जपानच्या चेरीचे फोटो बघत होतो! आज्जींनी फोटो बघितला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या उंदीरमारीवानीच दिसतंय." सगळ्या हसलो. मीही हसले. तेव्हाच त्यांचं ऐकायला हवं होतं.

तर आता कोणती झाडं, ते नीट ऐका. वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं, हीच उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प. ग्लिरिसिडिया असंही म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते. पाला उत्तम हिरवळीचं खत आहे, त्यात नत्र भरपूर असतं. लावायला एक रुपया लागत नाही. पावसाच्या तोंडावर तीन-चार फूट लांबीची, मनगटाएवढी जाड फांदी तोडून बांधावर फूटभर खोल रोवायची. एक महत्त्वाची गोष्ट, पाल्यासाठी वर्षभर छाटत राहिलात तर फुलं दिसणार नाहीत. पावसाळा संपल्यावर निदान चार झाडं न छाटता ठेवा, फुलं जुन्या फांद्यांवर येतात. आणि नाव उंदीरमारी आहे ते उगाच नाही. बिया आणि साल विषारी असतात, लहान मुलांच्या हातात शेंगा देऊ नका.

दुसरं, सोसायट्यांमधलं ते गुलाबी झाड. त्याचं नाव टॅबेबुया. वसंतराणीही म्हणतात. कर्ण्यासारखी गुलाबी फुलं. हे मूळचं मध्य अमेरिकेकडचं, एल साल्वादोर देशाचं ते राष्ट्रीय झाड आहे. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला याचीच रांग फुलते आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. चेरीसारखं दिसायला हवं असेल तर आपल्या हवेत सगळ्यात जवळचं हेच. पण मोठं होतं, दोन मजल्यांच्या वर जातं. छोट्या अंगणाचं हे काम नाही. घरापासून आणि विजेच्या तारांपासून पंधरा-वीस फूट तरी लांब हवं.

तिसरं, कांचन. माझं आवडतं. दसऱ्याला आपण ज्याची पानं सोनं म्हणून देतो त्या आपट्याचा हा भाऊबंद, पानं तशीच जोडीची. फुलं गुलाबी, जांभळी. बीपासून सहज येतं, दोन-तीन वर्षांत फुलतं आणि फार मोठं होत नाही. छोट्या अंगणाला हेच बरं. रक्तकांचनाच्या कळ्यांची भाजी उत्तरेत आवडीनं करतात. म्हणजे घरातून कुणी विचारलंच, 'फुलं शिजवून खायची का,' तर सांगा, हो!

चौथं, ताम्हण. आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल. एप्रिल-मे महिन्यात, अगदी महाराष्ट्र दिनाच्या आसपास, जांभळट गुलाबी तुरे येतात. याला पाणी आवडतं. मोरीचं किंवा भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी जिथं जातं तिथं लावा. साबणाचं पाणी मात्र नको.

पाचवं, बहावा. गुलाबी नाही, पिवळा. पण भर उन्हाळ्यात सोन्याच्या झुंबरासारखा लटकतो. मुरमाड जमिनीतही येतो, पाणी फार मागत नाही.

इथं एक सांगायला हवं. गिरिपुष्प आणि टॅबेबुया ही दोन्ही बाहेरून आलेली झाडं आहेत. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प इतकं लावलं गेलं की त्याच्याखाली आपलं दुसरं काही उगवत नाही, अशी झाडांच्या जाणकारांची तक्रार आहे. ती खरी आहे. म्हणून ते बांधावरच ठेवा, छाटणीखाली ठेवा. आणि बाहेरचं एक लावलंत तर ताम्हण, बहावा, कांचन यांतलं आपलं एक लावा.

झाडाची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. रोपासाठी पैसे काढायच्या आधी विचारायचे पाच प्रश्न मी तशाच धर्तीवर लिहून काढलेत.

एक, हवा. हे झाड आपल्या दहा-वीस किलोमीटरच्या आत कुठं तरी मोठं झालेलं, फुललेलं कुणी पाहिलंय का? स्वतःच्या डोळ्यांनी, फोटोत नाही. कुणीच पाहिलं नसेल तर एकच रोप आणून बघायचं, चोवीस नाही.

दोन, जागा. झाड मोठं झाल्यावर किती होईल? भिंत, ड्रेनेज, तारा कुठं आहेत? खराडी, वाघोली हा भाग आता महापालिकेत आहे. शहरात झाड तोडायला किंवा मोठी छाटणी करायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे तसा. आपण स्वतः लावलेलं झाड असलं तरीसुद्धा. म्हणून खड्डा घेतानाच विचार करा.

तीन, पाणी. मे महिन्यात पाणी कुठून येणार? ज्या घरी टँकरची वाट बघतात, तिथं ताम्हण लावून त्याचे हाल करू नका, बहावा लावा.

चार, माणूस. रोज कोण बघणार? बाई बाळंतपणाला माहेरी गेली तर कोण? नाव लिहा.

पाच, पैसा. रोप कुणाकडून घेतो? तो माणूस उद्या भेटेल का? सरकारी किंवा जवळच्या रोपवाटिकेतून, डोळ्यांसमोर बघून, पावती घेऊन घ्या. पुण्यात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, तिथं जाऊन विचारायला लाजू नका. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारल्याचे आम्हाला नऊ हजार सहाशे पडले.

लावायचं कसं

आता मार्च आहे. एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या आणि उन्हात तापू द्या. किडे, बुरशी मरतात. जूनमध्ये चांगली माती, दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळून भरा. ताजं शेण नको, त्याच्या उष्णतेनं मुळं करपतात आणि वाळवी लागते. एक-दोन चांगले पाऊस झाले की रोप लावा. पिशवी ब्लेडनं कापा, मुळांचा गोळा फुटू देऊ नका. शेजारी काठी रोवून सैल बांधा. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्याचं कुंपण करा.

पहिले दोन उन्हाळे खरी परीक्षा. रोपाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर एक साधं मातीचं मडकं तोंडापर्यंत पुरा, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवा. ते हळूहळू झिरपत राहतं, तीन-चार दिवसांनी पुन्हा भरायचं. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, उसाचं पाचट असेल तर उत्तम. दोन उन्हाळे काढले की पुढं झाड स्वतःचं बघतं.

त्या बारा जणींनी मेनंतर जूनमध्ये आज्जींच्या बांधावरच्या फांद्या आणून लावल्या. फुकट. मागच्या पावसाळ्यात, सोसायटीत हाऊसकीपिंगला जाणाऱ्या दोघींनी तिथल्या माळीकाकांना विचारून कांचनाच्या शेंगा गोळा केल्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत दीडशे बिया लावल्या, एकशे दहा रुजल्या. काही रोपं घरी लावली, काही मैत्रिणींना दिली, उरलेली वाढवतायत. पुढं सोसायट्यांना विकता येतील का, ते बघणार आहेत. अजून एक रुपयाही नफा झालेला नाही, ते खरं तेच सांगते. पण खर्चही जवळजवळ शून्य आहे, आणि या वेळी कर्ज नाही.

पहिली खेप

शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात जपानी चेरीची हजारो झाडं आहेत. तिथं हिवाळा कडक असतो, म्हणून ती फुलतात. ती तिथं आली ती एका बाईच्या हट्टामुळं. एलायझा सिडमोर तिचं नाव. लिहिणारी, प्रवास करणारी बाई. १८८५ मध्ये ती जपानहून परतली आणि अधिकाऱ्यांना म्हणाली, आपल्या नदीकाठी ही झाडं लावूया. कुणी ऐकलं नाही. अधिकारी बदलले की ती नव्याला विचारायची. अशी चोवीस वर्षं. शेवटी तिनं ठरवलं, लोकांकडून वर्गणी गोळा करून झाडं घ्यायची. म्हणजे बघा, आपल्यासारखंच! १९०९ मध्ये तिनं राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट यांना पत्र लिहिलं, त्यांनी मनावर घेतलं, आणि टोकियो शहरानं दोन हजार झाडं भेट म्हणून पाठवली.

१९१० च्या जानेवारीत ती पोहोचली. तपासणी झाली, तर झाडांना कीड आणि रोग. सगळी जाळावी लागली. दोन देशांमधली भेट, आणि तिची होळी.

पण गोष्ट तिथं संपली नाही. जपाननं नीट काळजी घेऊन पुन्हा झाडं वाढवली, आणि १९१२ मध्ये तीन हजार वीस झाडं आली. २७ मार्चला पहिली दोन झाडं लावली, तीही दोन बायकांनी. एक हेलन टाफ्ट, दुसऱ्या जपानच्या राजदूतांच्या पत्नी. आज आपण फोटोत बघतो तो फुलांचा मोसम तिथून सुरू झाला.

ही गोष्ट मी सगळ्यात आधी त्या ताईंना सांगितली, ज्यांनी काडी पहाटे चुलीत घातली होती. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांचीबी पहिली खेप जळालीच की." हो ताई, जळाली.

या फेब्रुवारीत त्यांच्या बांधावरच्या गिरिपुष्पाला पहिल्यांदा फुलं आली. फार नाहीत, दोन-तीन फांद्यांवर. त्यांनी मला बोलावलं आणि पदरानं पार पुसून बसायला जागा केली. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "बरी दिसतायत." बास, एवढंच. पण परवाच्या बैठकीत त्या ताईंनी स्वतःहून हात वर केला आणि म्हणाल्या, "यंदा मला दारात एक कांचन लावायचंय. ठरावात लिहा." सचिव ताईंनी विचारलं, "कर्ज किती?" त्या म्हणाल्या, "कर्ज नको. नुसतं लिहा."

तर बायांनो, शेळी घ्या, मशीन घ्या, फी भरा. आणि त्यातून सवड काढून एक फुलांचं झाडही मागा. चौकशी करून मागा, पण मागा. 'याचा उपयोग काय' असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आज जाताना दाराशी कांचनाच्या बियांच्या पुड्या ठेवल्यात, त्या बारा जणींनी स्वतःच्या हातानं बांधल्यात. एका गटाला एक पुडी, वहीत सही करून घ्या. पुढच्या वर्षी मी विचारणार आहे किती रुजल्या. न रुजल्या तर तेही लिहा, लपवू नका.

मी तुमच्यापेक्षा वयानं आणि अनुभवानं लहान आहे. बोलताना काही चुकलं असेल तर लेक समजून सांभाळून घ्या.